वन्यजीव टिकले तरच चालेल असा धंदा पुण्याजवळ कसा उभा करावा

पुण्यातून पहाटे निघालं तर दुपारच्या जेवणाआधी लांडग्याच्या माळावर, शेकरूच्या रानात किंवा रोहित पक्ष्यांच्या पाणथळीवर पोहोचता येतं. एवढ्या मोठ्या शहराच्या इतक्या जवळ हे सगळं अजून शिल्लक आहे, आणि ते ज्यांच्या शेजारी शिल्लक आहे ते लोक गरीब आहेत. लांडग्याने मेंढरू नेलं की नुकसान धनगराचं होतं. अभयारण्याचे निर्बंध महादेव कोळ्यांच्या वाड्या सोसतात. शहरातून येणारा माणूस फोटो काढतो, हायवेवर जेवतो आणि परत जातो.

हे चित्र देणग्यांनी बदलत नाही. देणगी आटली की काम थांबतं. प्राणी आणि गावची मिळकत एकमेकांत गुंतली तरच ते बदलतं. त्यासाठी नोकऱ्या निर्माण करणारा, नफ्यातला ठरावीक वाटा जंगलाकडे वळवणारा धंदा लागतो. जगात अशी उदाहरणं आहेत, महाराष्ट्रातही आहेत. हा लेख पुणे जिल्ह्यात असं काही सुरू करू पाहणाऱ्यांसाठी आहे, मग ते गावातलं तरुण मंडळ असो, बचत गट असो की नोकरी सांभाळून काही ठोस करू पाहणारे शहरातले दोघं-चौघं.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: उद्या हा प्राणी या परिसरातून नाहीसा झाला, तर आपली मिळकत घटेल का, आणि हे गावाला माहीत आहे का? उत्तर "नाही" असेल तर तो धंदा चांगला असू शकेल, पण संवर्धनाचा नाही. डब्यावर वाघाचं चित्र छापल्याने वाघाला काही मिळत नाही.

पायरी १ : प्राणी आणि पट्टा निवडा

"निसर्गासाठी काहीतरी" असं म्हणून सुरुवात करू नका. एक पट्टा, एक किंवा दोन प्राणी, चार-पाच गावं. पुणे जिल्ह्यात निवड साधारण चार ठिकाणांतून करावी लागते.

पश्चिमेला सह्याद्री. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, ते प्रामुख्याने शेकरूसाठी ओळखलं जातं, आणि शेकरू हा आपला राज्यप्राणी आहे. आंबेगाव, जुन्नर आणि खेड तालुक्यांच्या या डोंगरपट्ट्यात हिरडा हे आदिवासी घरांचं महत्त्वाचं रोख पीक आहे. पूर्वेला बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर ही माळरानं: लांडगा, चिंकारा, तरस, खोकड, कोल्हा. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे, पण त्याचा आकार जेमतेम पाच चौरस किलोमीटर. माळावरचे बहुतेक प्राणी अभयारण्याबाहेर, गायरानात, वनखात्याच्या तुकड्यांवर आणि लोकांच्या शेतांत राहतात. तिसरं ठिकाण भिगवणजवळ उजनी धरणाचा फुगवटा. तिथे कुंभारगाव, डिकसळ भागातले मच्छीमार हिवाळ्यात आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत पक्षी पाहणाऱ्यांना होडीतून नेतात.

चौथा पट्टा जुन्नरच्या उसाचा, म्हणजे बिबट्याचा. इथे माझं मत स्पष्ट आहे: या पट्ट्यात बिबट्या दाखवण्याचा धंदा अजिबात करू नका. माणसं जिवाला मुकली आहेत अशा गावात पर्यटकांच्या गाड्या उसाच्या कडेने फिरवणं अमानुष आहे आणि धोकादायकही. तिथे रोजगार उभा करायचाच असेल तर बंदिस्त गोठे बांधणाऱ्या स्थानिक गवंडी-वेल्डरांचा गट, सौरदिवे बसवणं आणि दुरुस्त करणं, अशा कामांतून करा. शेळी वाचली तर बिबट्याबद्दलचा राग कमी होतो. या मार्गाने मिळणारं संवर्धन दिसायला साधं असतं, पण खरं असतं.

पायरी २ : धोका नेमका कशाचा, ते आधी शोधा

बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. प्राण्याला धोका एका गोष्टीचा असतो आणि नोकऱ्या भलत्याच कामाच्या दिल्या जातात.

माळरानाचंच घ्या. लांडग्याला आज शिकाऱ्याच्या बंदुकीपेक्षा मोठा धोका आहे तो माळ नाहीसा होण्याचा: प्लॉटिंग, नांगरट, मुरूम उपसा, आणि चांगल्या हेतूने केलेली झाडं लावण्याची मोहीम. हो, झाडंच. गवताळ माळ ही "पडीक" जमीन नाही. तिथे रांगेत खड्डे घेऊन झाडं लावली की चिंकाऱ्याचं चरणं, चंडोलाचं घरटं आणि लांडग्याचा मोकळा टापू एकदमच जातो. म्हणून एखादी कंपनी सामाजिक निधीतून "एक लाख झाडं" घेऊन तुमच्या माळावर आली, तर नम्रपणे नाही म्हणा आणि गवताच्या राखणीसाठी पैसे मागा.

दुसरा धोका मोकाट कुत्र्यांचा. ती चिंकाऱ्यांमागे लागतात, रेबीज आणि डिस्टेंपरसारखे आजार पसरवतात, आणि पुणे परिसरात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय पुरावेही मिळाले आहेत. याचा अर्थ असा की, माळाकाठी ढाबा किंवा होमस्टे काढून त्याचं खरकटं मागच्या बाजूला टाकणारा धंदा लांडग्याच्या नावाने कुत्रीच पोसतो.

डोंगरात चित्र निराळं. झाड उभं राहण्यापेक्षा तोडून विकलेलं फायद्याचं असेल तर ते तुटणारच. पुण्यातली एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था हीच गाठ धरून काम करते. रत्नागिरीतल्या संगमेश्वर भागात आणि भीमाशंकरच्या बाजूला ती हिरडा आणि बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्राखाली (रानातून झाड न संपवता वनोपज गोळा केल्याचं प्रमाणपत्र) चांगला भाव मिळवून देते. जुन्या, ढोल्या बेहड्यावर महाधनेश घरटं करतो. फळाला भाव मिळाला म्हणून झाड वाचतं आणि झाड वाचलं म्हणून धनेशाची ढोली. धोका ओळखून रोजगार नेमका तिथे लावल्याचं याहून चांगलं उदाहरण आपल्या भागात मला माहीत नाही.

तुमच्या पट्ट्यात असा शोध घ्यायला एक पूर्ण वर्ष द्या. वनरक्षक, मेंढपाळ, पाणाडे, जुने शिकारी, दूध गोळा करणारे, सगळ्यांना विचारा. फासेपारधी समाजातल्या वडीलधाऱ्यांना प्राण्यांच्या वाटा जेवढ्या कळतात तेवढ्या कुणालाच कळत नाहीत. त्यांना माहिती देणारे म्हणून वापरून सोडून देऊ नका, पगारी माग काढणारे म्हणून पहिल्याच यादीत घ्या.

पायरी ३ : धंद्याचा प्रकार ठरवा

बाहेरची काही उदाहरणं आधी पाहू, कारण त्यांनी घेतलेली वळणं आपल्याला आयती मिळतात.

केनियात त्साव्होच्या दोन राष्ट्रीय उद्यानांच्या मधल्या टापूत वाइल्डलाइफ वर्क्स या कंपनीने कपडे शिवण्याचा कारखाना काढला. कल्पना सरळ होती: कोळशासाठी झाडं तोडण्याऐवजी आणि शिकारीऐवजी शिलाईची नोकरी. सोबत गावातलेच लोक वनरक्षक म्हणून घेतले. पण एवढ्या मोठ्या रानाची राखण कपड्यांच्या विक्रीवर पेलणारी नव्हती. खरा मोठा पैसा पुढे त्याच टापूतल्या कासिगाऊच्या जंगलातून मिळालेल्या कार्बन श्रेयांमधून, म्हणजे जंगल राखून कार्बन हवेत जाऊ न दिल्याबद्दल विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांतून आला. म्हणजे नोकऱ्या देणारं उत्पादन आणि राखणीचा खर्च उचलणारं उत्पन्न हे वेगवेगळं असू शकतं. याच प्रकल्पातल्या महिलांनी लैंगिक छळाचे आरोप केल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. दुर्गम भागात एकच मोठा मालक असेल तर कामगाराला तक्रारीला जागा उरत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

मंगोलियात हिमबिबट्याच्या प्रदेशात मेंढपाळ बायकांकडून लोकरीच्या वस्तू घेतल्या जातात. करार असा की वर्षभर त्या परिसरात शिकार झाली नाही तर सगळ्यांना वर बोनस, आणि एकाने जरी नियम मोडला तरी बोनस सगळ्यांचाच जातो. झांबियात लुआंग्वा खोऱ्यात कोमाको ही संस्था शेतकऱ्यांकडून भुईमूग, सोयाबीन, मध विकत घेते आणि संवर्धनाचे नियम पाळणाऱ्या गटांना जास्त भाव देते. तिथे अनेक शिकाऱ्यांनी फासे आणि बंदुका जमा केल्या. आणि आपल्या कोकणात वेळास: सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, आणि पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांना गावातल्या घरांतच राहायला-जेवायला मिळू लागलं. कासव आलं नाही तर पाहुणा येत नाही. वहीतल्या पहिल्या प्रश्नाला वेळासचं उत्तर "हो" आहे.

आता आपल्याकडे. पर्यटन सगळ्यांना आधी सुचतं, कारण भांडवल कमी लागतं. पुणे वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळमध्ये गवताळ सफारी सुरू केल्या आहेत, त्यांत गाईड स्थानिक आहेत. तुम्ही नवी सफारी काढण्यापेक्षा तिच्या भोवतीची कामं उचला: घरगुती जेवण, मुक्काम, शाळांच्या सहली, पक्षी-निरीक्षणाची पायवाट.

पण मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती लोकरीबद्दल, आणि तिच्यावर सगळ्यात कमी लोक काम करतात. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते आणि आज तिला भाव इतका पडलेला आहे की कित्येकदा ती बांधावर टाकून देतात. मांसासाठी जड जातीच्या मेंढ्या आल्या, दख्खनी मागे पडली. मेंढपाळ माळ सोडून गेला तर माळाला राखणदार उरत नाही, आणि मग तो विकासकाला सोपा पडतो. लोकर रास्त भावाने घेऊन, सणगर विणकरांकडून घोंगडी, जेन, आसनं, पिशव्या, घरातली जाजमं करून घेता येतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देणारे हात अजून आहेत, पण ते साठीच्या पुढचे आहेत. इथे मंगोलियाचा करार जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो: ज्या धनगर वाड्यांच्या (मेंढपाळ कुटुंबांच्या तळांच्या) टापूत लांडग्याला विष घातलं गेलं नाही, पिल्लं काढून नेली गेली नाहीत, त्यांच्या लोकरीला किलोमागे जादा भाव.

डोंगरपट्ट्यात बाळहिरडा, पिकलेला हिरडा, मध, करवंद-जांभळाची प्रक्रिया. हिरड्यात एक गोष्ट जपा. बाळहिरडा म्हणजे कोवळं फळ. ते सगळंच झोडून काढलं, फांद्या छाटून काढलं, तर बी पडायला काही राहत नाही आणि प्राण्यांनाही काही नाही. किती झाडं न तोडता-झोडता सोडायची हे गावानेच हंगामाआधी ठरवावं आणि खरेदी त्या अटीवरच करावी.

पायरी ४ : गावाशी बोलणी

ग्रामसभा घ्या, पण तिच्यावर थांबू नका. ग्रामसभेत जमीनवाले बोलतात. रानाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे ते बहुधा मागे उभे असतात किंवा आलेलेच नसतात.

वेळेचं भान ठेवा. पूर्व भागातले अनेक धनगर वाडे पावसाळा सरला, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. तुम्ही जानेवारीत सभा घेऊन "गावाने मान्य केलं" म्हणालात, तर ज्यांच्या मेंढ्या लांडगा नेतो तेच त्या मान्यतेत नाहीत. त्यांच्याशी बोलायचं तर पावसाळ्यात बोला, नाहीतर वाडा जिथे बसला असेल तिथे जा. डोंगरात भातलावणीच्या दिवसांत कुणालाही बोलावू नका.

बायकांची बैठक वेगळी, दुपारची, कुणाच्या तरी ओसरीवर. वयाने मोठ्या असतील त्यांना मावशी, आजी म्हणत बोला, नुसत्या "लाभार्थी" म्हणून त्यांच्याकडे पाहू नका. पहिल्या बैठकीत पैशांचा आकडा सांगू नका. दुसऱ्या बैठकीत मात्र खरा आकडा सांगा, फुगवलेला नाही. कुठला आकडा, ते हिशेबाच्या पायरीत येईल.

पायरी ५ : कायदा आणि परवानग्या

हे कंटाळवाणं आहे, पण यात चूक झाली तर गावातली पोरं अडकतात, आपण नाही.

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार लांडगा, चिंकारा, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची कातडी, नखं, दात, शिंगं यांचा कुठलाही व्यवहार गुन्हा आहे, जुन्या घरात सापडलेल्या वस्तूचाही. अभयारण्यातून विक्रीसाठी वनोपज काढण्यावर कडक निर्बंध आहेत. तुमचा हिरडा अभयारण्याच्या आतला, बाहेरच्या वनातला की मालकीच्या शेतातला हे गट क्रमांकासह आधी स्पष्ट करा. वनहक्क कायदा २००६ खाली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर गौण वनोपजाची मालकी आणि विक्रीचा अधिकार ग्रामसभेकडे येतो, आणि वन्यजीव व जैवविविधता राखण्याचा अधिकारही. हा दावा मंजूर करून घेणं हीच कधीकधी सगळ्यात मोठी गुंतवणूक ठरते. आंबेगाव आणि जुन्नरमधली काही गावं पेसाखाली (आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) येतात, तिथे ग्रामसभेचं स्थान आणखी भक्कम आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने सामूहिक हक्क मिळाल्यावर बांबूची विक्री स्वतः केली आणि तेंदूपत्ता तोडणं स्वतःहून थांबवलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जात आणि रानाला आगी लावल्या जात. वरून आदेश नसताना गाव असा निर्णय घेतं, ते मालकीमुळे.

वनस्पती किंवा वनोपजाचा व्यापारी वापर करणाऱ्या कंपनीला जैवविविधता कायदा २००२ नुसार राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं. मंडळ नागपूरला आहे. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचं रजिस्टर बघून घ्या. ते कोरं असेल तर ते भरणं हेच पहिलं काम करा. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना लागतो. हिरडा चूर्णावर "बद्धकोष्ठ बरं करतं" असं छापलंत की तो औषधांचा विषय होतो आणि आयुष (आयुर्वेदिक औषधाच्या) परवान्याची गरज पडते. तेव्हा लेबलवर आजाराचं नाव नको. प्रमाणपत्र नसताना "सेंद्रिय" हा शब्दही नको. वनजमिनीवर तंबू, निरीक्षण मनोरा, शौचालय, काहीही खासगी माणसाने परवानगीशिवाय उभं करायचं नाही. कॅमेरा ट्रॅप आणि ड्रोन यांनाही तेच लागू.

पायरी ६ : संस्था कोणत्या नावाने?

मालकी कोणाची, याचं उत्तर नोंदणीत द्यावं लागतं. मेंढपाळ किंवा हिरडा गोळा करणारे स्वतः मालक व्हावेत असं वाटत असेल तर उत्पादक कंपनी. तिला किमान १० उत्पादक सभासद लागतात. नफा वाटायचाच नसेल तर कंपनी कायद्याच्या कलम ८ ची कंपनी. शहरातले दोघं-तिघं भांडवल घालणार असतील तर एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) सोपी. लहान प्रमाणात सुरुवात असेल तर उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखालच्या बचत गटालाच खरेदी-विक्री करू द्या, वर्षभराने पुढचं पाहता येईल.

माझा कल दोन संस्था वेगळ्या ठेवण्याकडे आहे: विक्री करणारी एक, आणि राखणीचा निधी सांभाळणारी गावची समिती दुसरी, वेगळ्या बँक खात्यासह. एकाच खात्यात दोन्ही असलं की तोट्याच्या महिन्यात राखणीचे पैसे आधी वापरले जातात. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी राखण, प्रशिक्षण, लसीकरण यांसाठी मागता येतो. नेहमीच्या धंद्याचं भांडवल म्हणून तो मागू नका.

कामगार १० किंवा जास्त झाले की २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिचा नंबर कामाच्या ठिकाणी मराठीत लावा. केनियातला धडा इथे उपयोगी पडतो: तक्रार ऐकणारी किमान एक व्यक्ती संस्थेच्या आणि गावाच्याही बाहेरची हवी.

पायरी ७ : हिशेब, आणि तोही उघडा

एक काल्पनिक सहल मांडून पाहू. माळरानाची एक दिवसाची सहल, ८ जण, माणशी २,००० रुपये, म्हणजे १६,००० रुपये जमा. गावातली जीप ३,५००. दोन गाईड, प्रत्येकी १,०००, म्हणजे २,०००. गावातल्या घरी जेवण, ताटामागे २५० प्रमाणे २,०००. प्रवेश आणि इतर शुल्क १,५००. नोंदणी, विमा, फोन, जाहिरात १,५००. एकूण खर्च १०,५००. उरले ५,५००.

राखणीचा वाटा या उरलेल्यातून काढू नका, जमेतूनच माणशी २०० रुपये आधीच बाजूला काढा: १,६००. नफा झाला तर देऊ, असं म्हणणारा धंदा पहिली तीन वर्षं काहीच देत नाही.

आता गावात किती राहिलं? जीप, गाईड, जेवण मिळून ७,५०० आणि निधीचे १,६००: एकूण ९,१००, म्हणजे सुमारे ५७ टक्के. हीच जीप पुण्यातून आणली तर गावातला वाटा ५,६०० वर, ३५ टक्क्यांवर येतो. एका गाडीच्या निर्णयाने एवढा फरक पडतो. म्हणून गावातल्या तरुणाला जुनी जीप घ्यायला बिनव्याजी उसने देणं ही चांगली गुंतवणूक आहे. निम्म्याहून अधिक पैसा गावात राहत नसेल तर दर किंवा रचना बदला.

हंगामात अशा ४० सहली झाल्या असं धरा. निधी जमेल ६४,००० रुपये. सकाळचा एक फेरा घालणाऱ्या अर्धवेळ राखणदाराला महिना ८,००० दिले तर ते आठ महिने पुरतील, आणि कुत्र्यांच्या लसीकरणाला काहीच उरणार नाही. गाईडांची मजुरी ८०,०००, ती सहा पोरांत वाटली तर प्रत्येकाला वर्षाला तेरा हजारांच्या आसपास. गावात दुसऱ्या बैठकीत सांगायचा खरा आकडा हाच. कुणालाही शेळ्या विकून गाईड व्हायला सांगू नका. हा जोडधंदा आहे, हे त्यांना तुमच्याकडून कळावं, अनुभवातून नव्हे.

पायरी ८ : करार

करार मराठीत, दोन पानांत, मोठ्याने वाचून दाखवलेला. गाव काय करणार: फासे नाहीत, विषप्रयोग नाही, ठरलेल्या टापूत वणवा नाही, ठरलेल्या जमिनीवर नांगर किंवा मुरूम उपसा नाही. धंदा काय करणार: ठरलेला भाव, पैसे किती दिवसांत, जादा भाव कोणत्या अटीवर, लांडग्याने मेंढरू नेल्यास सरकारी नुकसानभरपाईची कागदपत्रं कोण करून देणार. हे शेवटचं कलम छोटं दिसतं, पण पंचनामा वेळेत झाला नाही म्हणून भरपाई हुकलेल्या मेंढपाळाच्या दृष्टीने सगळा करार तेवढाच आहे. त्यासाठी फोन आणि दुचाकी असलेला एक माणूस पगारावर ठेवा.

सामूहिक बोनस ठेवताना सावध राहा. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना, हा नियम गटातली शिस्त वाढवतो, पण गावातला सगळ्यात दुबळा माणूस दोषी ठरवला जाण्याची भीतीही त्यात असते. बोनस रोखण्याआधी चौकशी कशी होणार हे करारातच लिहा.

पायरी ९ : वागण्याचे नियम

लांडग्यांची पिल्लं थंडीत होतात आणि पर्यटकांचा हंगामही तोच. म्हणून गुहेची जागा कुणालाही, मोठ्या कॅमेऱ्याच्या पाहुण्यालाही दाखवायची नाही, आणि लोकेशनसह फोटो टाकायचा नाही. गाईडला बक्षिसी जवळून दर्शनासाठी मिळते, म्हणून बक्षिसी सगळी एका पेटीत, महिन्याला समान वाटप. भिगवणला होडीवाल्यांनी रोहित उडवून दाखवायचे नाहीत. उडणाऱ्या थव्याचा फोटो मागणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणताना होडीवाल्याच्या पाठीशी संस्था उभी राहिली पाहिजे, त्याची मजुरी बुडता कामा नये. मांस टाकून प्राणी बोलावणं, रात्रीचे प्रखर झोत, हे बंद. खरकटं खड्ड्यात किंवा बायोगॅसमध्ये, उघड्यावर नाही.

पायरी १० : मोजणी

"पर्यटकांना किती वेळा दिसला" ही मोजणी नव्हे. गाडी जास्त फिरली की दर्शन वाढतं, प्राणी नाही. साधी, दरवर्षी सारखीच राहील अशी पद्धत घ्या: ठरलेल्या वाटेवर महिन्यातून एकदा चालून पायखुणा आणि विष्ठेच्या नोंदी, पक्ष्यांसाठी ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर त्याच ठिकाणाची यादी, बेहड्याच्या किती ढोल्यांत धनेश बसला, किती हेक्टर माळ नांगराविना राहिला. नोंद गावातल्याच दोघांनी करावी आणि पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने वर्षातून एकदा तपासावी. सोबत पैशांचीही मोजणी: किती घरांना, किती दिवस काम, त्यांत बायका किती.

पायरी ११ : पुण्यात विक्री

गिऱ्हाईक दूर नाही, हा पुण्याचा मोठा फायदा. मोठ्या सोसायट्यांतले शेतकरी बाजार, डिसेंबरातली भीमथडी जत्रा, हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांच्या दिवाळी भेटी. घोंगडीसोबत ती कोणत्या वाड्याच्या लोकरीची, कोणत्या विणकराने विणली आणि त्यातले किती रुपये माळाच्या राखणीला गेले, एवढंच छापा. विणकराचं नाव त्याच्या संमतीनेच. "ही घोंगडी घेऊन एक लांडगा वाचवा" असं लिहू नका, ते खरं नाही. पुणेकर गिऱ्हाईक प्रश्न विचारतं, त्याला हिशेबाचा कागद दाखवता आला पाहिजे.

पायरी १२ : वाईट वर्षाची तयारी

२०२० मध्ये टाळेबंदीत पर्यटन रातोरात थांबलं. त्याच जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर, आंबेगाव, खेडच्या डोंगरातली हिरड्याची झाडं मोडली. एकाच मिळकतीवर उभा असलेला प्रकल्प अशा वर्षी गावाला पुन्हा कुऱ्हाडीकडे ढकलतो. म्हणून मिळकती दोन हव्यात, आणि त्या एकाच कारणाने बुडणाऱ्या नसाव्यात: सहल आणि लोकर, हिरडा आणि मध. राखणीच्या निधीत सहा महिन्यांचे पगार नेहमी शिल्लक ठेवा, त्याला हात लावायला समितीच्या तीन सह्या, त्यांतली एक मेंढपाळाची किंवा वनोपज गोळा करणाऱ्या बाईची.

माळावर काम करणार असाल तर वर्षाची आखणी अशी ठेवा: जून-जुलैत वाडे परतल्यावर पहिली सभा आणि करार, पावसाळ्यात गाईडांचं प्रशिक्षण आणि कुत्र्यांचं लसीकरण, दिवाळीआधी पहिली विक्री, थंडीत मोजक्या सहली, उन्हाळ्यात पाणवठे आणि वणव्याची राखण. पुढच्या जूनमध्ये त्याच सभेत जमाखर्च मोठ्याने वाचायचा आणि पुढचे दर ठरवायचे. आधी हजेरी घ्या, आणि आदल्या वर्षी करारावर अंगठा उठवणारी घरं आलेली नसतील तर सभा पुढच्या आठवड्यावर ढकला.